म्हैस उठते कशी

मित्रांनो, मी पडदा आहे. जुना आहे, हे माझ्या डाव्या कोपऱ्यातला चहाचा डागच सांगेल. सिनेमाचा पडदा म्हटलं की लोकांना वाटतं, यानं जगातले सगळे सिनेमे पाहिले असणार. मी एकही पाहिलेला नाही. चित्र माझ्या तोंडावर पडतं आणि माझं तोंड तुमच्याकडे असतं. मी आयुष्यभर फक्त बघणारे बघितले.

सणसवाडीच्या एका शिंप्यानं तीन पट्ट्या जोडून मला शिवलं आणि कडेला पितळी कड्या ठोकल्या. न्हावऱ्याचे पाशाभाई मंडपवाले मला घेऊन आले. जत्रेत, शाळेत, ग्रामपंचायतीपुढं मी ताठ उभा राहिलो. मारामारी चालू असली की माणसं नकळत जबडा हलवतात आणि गाणं लागलं की चपला शोधतात, एवढं ज्ञान मला झालं. लोक म्हणायचे, "पाशाभाईंचा पडदा म्हंजी एक सुरकुती न्हाई." मग सगळ्यांच्या हातात फोन आले. पाशाभाईंनी मला कांदाचाळीतल्या कांद्यावर पांघरलं. ते काम वाईट नव्हतं. पण कांदा कशालाच हसत नाही.

पाच वर्षांनी तहमीनानं मला ओढून बाहेर काढलं आणि धुतलं. तहमीना ही पाशाभाईंची मुलगी. पुण्यात एका कंपनीत कार्टूनचे सिनेमे करते. येणाऱ्या सिनेमात एक म्हैस आहे, ती हिनं केलेली. कंपनीचं म्हणणं असं, की म्हशीला लोक हसत नाहीत, तेव्हा तिला काढून त्या जागी पोपट घालू. तहमीनानं आठ दिवस मागून घेतले होते. ट्रेलर गावात दाखवायचा, लोक हसले की ते फोनवर टिपायचं आणि कंपनीला दाखवायचं, म्हणजे म्हैस वाचेल.

"हसतील ना, अब्बा?"

"न हसायला काय झालं? फुकट हाय," पाशाभाई म्हणाले.

सकाळचं दूध घालून झाल्यावर डेअरीच्या गोदामात मला टांगलं. शटर खाली ओढलं. पेंडीच्या पोत्यांवर तीसेक माणसं बसली. ट्रेलर दोन मिनिटांचा. माझ्या मागून गाण्याचा, मग विमानाचा आवाज आला. मी सवयीनं समोरचे चेहरे वाचायला घेतले आणि माझी मती गुंग झाली. कुणी हसेना. कुणी चपलाही शोधेना. सगळ्यांनी एकदम भुवया आवळल्या. अशा भुवया मी फक्त बैलबाजाराच्या फिल्मला पाहिल्या होत्या.

ट्रेलर संपला. तहमीनाच्या हातातला फोन हळूहळू खाली आला.

"परत लाव," डेअरीचे चेअरमन सोपानराव म्हणाले.

आवडला नाही, मग परत कशाला? परत लावला. परत भुवया. तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा तर मागचे लोक उठून पुढं आले. न हसता इतक्यांदा बघणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"शिंगं मुऱ्हा जातीच्या म्हशीची घेतलीस व्हय?" एकानं विचारलं.

"हो, काका."

"शिंगं ठीक हायत. पण पायात काय तरी घोळ हाय."

"अहो, ती विमान चालवतीय, ते बघा की!" तहमीना रडकुंडीला आली होती.

"विमान चालवू दे," सोपानराव गंभीरपणे म्हणाले. "गाणं बी म्हणू दे. डेअरीची हरकत न्हाई. पण उठती कशी ती?"

मग साखरबाई पुढं आल्या. वय पंच्याहत्तर, दावणीला चार म्हशी. त्यांनी तहमीनाकडं असं पाहिलं, की जणू म्हैस तिनं उपाशी ठेवली होती.

"पोरी, म्हैस कधी आधी पुढून उठती का गं? ते घोड्याचं उठणं. असं उठाय लागली तर दुसऱ्या दिवशी डाक्टर बोलवावा लागंल."

तहमीना हळूच म्हणाली, "आजी, कंपनीकडं घोड्याचा सांगाडा तयार होता. वेळ वाचावा म्हणून तोच आत घातला. वर म्हैस चढवली."

"म्हंजी आत घोडं हाय?"

"हो."

"तरीच! म्हशीला हसायचं तर आधी म्हैस तरी पाहिजे. सरका सगळे."

आणि मित्रांनो, साखरबाईंनी पदर खोचला आणि गोदामाच्या फरशीवर बसकण मारली. रवंथ केलं. कान हलवला, कसा, ते मला अजून कळलेलं नाही. मग गुडघ्यांवर पुढं झुकल्या, आधी मागची बाजू वर केली, तिथंच थांबून एक सुस्कारा टाकला आणि मग एकेक हात उचलत उठल्या.

"मावशी, धार काढू का?" पाशाभाई ओरडले.

"लाथ घालीन, मुडद्या!"

गोदाम फुटलं. सोपानराव पोत्यावरून घसरले. इतकं हसणं मी कुठल्याही सिनेमाला पाहिलं नव्हतं, आणि माझ्यावर तर काहीच चालू नव्हतं. मी कोरा होतो. तहमीनाचा फोन मात्र साखरबाईंवर रोखलेला होता.

ते चित्रण तिनं कंपनीला दाखवलं. तिथं काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. तीन आठवड्यांनी मला पुन्हा गोदामात टांगलं. नवा ट्रेलर घेऊन आलेली तहमीना नखं खात भिंतीला टेकून उभी होती. म्हशीचे पाय तपासायचे म्हणून साखरबाई आपलं पोतं ओढत माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर नवा मोठा चष्मा.

दिवे मालवले. आणि त्या चष्म्याच्या दोन काचांत मला दोन चिमुकल्या म्हशी दिसल्या. माझ्याच अंगावरच्या. त्या गुडघ्यांवर झुकल्या, आधी मागून उठल्या, सुस्कारा टाकला.

"आत्ता कशी!" साखरबाई म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. मग मागची पोती हसली. तहमीना तोंडावर ओढणी धरून खाली बसली.

आयुष्यभरात मी एवढाच सिनेमा पाहिला. म्हणून मित्रांनो, दोनच विनंत्या. मला ओला गुंडाळू नका. आणि सिनेमाला याल तेव्हा अगदी पुढं बसा, आणि चष्मा असेल तर पुसून या.