बोलक्या झाडाची तपासणी

"गोळ्या फेकून दे, लेकरा! तुला बरं करायला मी उभा आहे!"

साक्षात झाड बोललं आणि पन्नास माणसांनी हात जोडले. सगळे मनोरुग्णांचे नातेवाईक. कुणी मुलाला आणलेलं, कुणी बायकोला. हिरवी शाल पांघरलेले वनगुरू मंद हसत होते. "वृक्षाला मिठी मारा. मुळं आजार शोषून घेतात. पंपच असतो हो त्यांच्यात!" पंप म्हणे! डोक्यातला आजार म्हणजे काय तुंबलेली मोरी आहे?

गर्दीत भावासोबत उभ्या असलेल्या ताईचं दुखणं मात्र वेगळंच होतं. धाकट्या भावाला नसलेले आवाज ऐकू यायचे. नऊ वर्षं त्याच्या गोळ्या, त्याचे संताप, सगळं तिनं निस्तरलं. आणि हा पठ्ठ्या महिनाभर या रानात काय येतो, हसतो काय, पोटभर जेवतो काय! माझ्यासाठी कधी हसला का मेला? ती नुसती जळत होती, गुरूवर आणि खरं सांगायचं तर झाडांवरसुद्धा.

पण गोळ्या बंद? मागे सुटल्या तेव्हा तो चार दिवस बेपत्ता होता. अडवावं, तर लोक म्हणणार, बहीण जळते. खोटंही नव्हतं ते.

"फेकून दे! फेकून दे!" झाडाचं चालूच होतं.

भावानं दोन्ही कान झाकले, सोडले, पुन्हा झाकले.

"घाबरला बिचारा," एक आजोबा हळहळले.

"तपासतोय," भाऊ म्हणाला. "माझे आवाज कान झाकले तरी तेवढेच येतात. हा दबतो. म्हणजे हा बाहेरचा आहे."

त्यानं ढोलीत हात घातला आणि मुठीएवढा स्पीकर बाहेर काढला. तळहातावरसुद्धा तो ओरडतच होता, "मी उभा आहे!"

"ते... ते वृक्षाचं कंठयंत्र आहे!" गुरू गडबडले. आजोबांनी शाल खेचली. खालून मोबाइल पडला आणि झाडाची वाचाच बसली.

"पण तुला बरं वाटलं ना इथं?" एका आईनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"वाटलं की. रानात शांत वाटतं, कुणी टोकत नाही. खुशाल फिरा. पण या महिन्यात गोळ्या मी एक दिवसही चुकवल्या नाहीत. ताई चुकवू देते होय?"

ताईला हसावं की रडावं कळेना. एवढ्या लोकांत त्यानं तिचं नाव घेतलं होतं.

भाऊ जमावाकडे वळला. "मला वेडा म्हणता ना? मी ऐकलेला प्रत्येक आवाज रोज तपासतो. तुम्ही पन्नास जण शहाणे, एकानंही तपासला नाही?"