शेंदराखालची कादंबरी

मला देवी म्हणू नका, मित्रांनो. मी एक कादंबरी आहे. दोनशे आठ पानांची, आता तेलकट आणि फाटकी. आणि मी रागावलेली आहे.

माझा जन्म मोर्शीचा. मुनव्वरभाईंच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात, जळक्या तारेच्या वासात बसून त्यांची लेक यास्मीन मला लिहीत असे. विहिरीवरची जळालेली मोटर नव्या तारेने भरून होईपर्यंत शेतकरी बाकावर टेकायचे आणि पाण्यातल्या आसरांच्या, म्हणजे सात जलदेवतांच्या गोष्टी सांगायचे. सातीजणी भरदुपारी कशा खेळतात, एखाद्याची विहीर सोडून कशा निघून जातात. "पण जातात कुठं?" यास्मीनने एकदा विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. म्हणून तिने मला लिहिलं.

माझ्यातल्या आसरा आटलेल्या विहिरीत उतरतात आणि दुसऱ्या टोकाला थेट आकाशात निघतात. तिथे एका कंपनीने साऱ्या ग्रहांचं पाणी कुलूपबंद केलेलं असतं. तहान लागली, तरी मनगटातल्या चिपने परवानगी दिल्याशिवाय घोट मिळत नाही. सर्वांत धाकटी आसरा केसांत तांब्याच्या तारा गुंफते आणि कंपनीच्या यंत्रनगरीच्या नसांत एकटीच शिरते. ती परतते की नाही, ते माझ्या शेवटच्या पानांत आहे.

अमरावतीला छापून मी चांदूर बाजारच्या एका वाचनालयात आले. ग्रंथपाल केशवराव मुखपृष्ठ पाहून हसले. "आसरा अन् रॉकेटात? काय काय लिवतेत लोक!" पण हसता हसता उभ्यानेच वीस पानं वाचून गेले. पुढची चार वर्षं माझी सुखाची. कोणी माझ्यावर चहा सांडला, कोणी समासात पेन्सिलीने "हे खरं आहे" असं लिहिलं.

मग मला बारावीतली आचल घरी घेऊन गेली. एकशे नव्वदाव्या पानापर्यंत आली आणि जेवायला म्हणून उठली. मी खाटेवर पडले होते. तेवढ्यात तिची आजी पार्वताबाई आली. मुखपृष्ठावर पाण्यात उभ्या सात बाया पाहून तिने मला कपाळाला लावलं.

"माय वो! साती आसरा आल्या घरी!"

त्यांची विहीर दोन वर्षं कोरडी होती. आजीने मला तिथल्या, आसरा म्हणून पुजलेल्या सात दगडांशेजारी नेऊन बसवलं. हळद, कुंकू आणि तेलात कालवलेला शेंदूर. बोटभर शेंदूर नेमका यास्मीनच्या नावावर बसला.

आठव्या दिवशी विहिरीला हातभर पाणी आलं. वरचा कालवा सोडला होता, पण मान मला मिळाला. मग काय विचारता! गावोगावच्या बाया आल्या. खण आले, नारळ आले, दहीभात आला. शंभर डोकी माझ्यापुढे टेकली. उघडलं एकीनेही नाही. आत शिरल्या त्या फक्त मुंग्या. माझ्यातली पोर पाण्याचं कुलूप तोडायला निघालेली, आणि हे लोक मलाच मिटून बसले! पुस्तकाला ओरडता येत नाही, म्हणून ती विहीर शाबूत राहिली.

आचल रोज भांडायची.

"आजी, शेवटची अठरा पानं वाचू दे ना वो मले."

"देवीचा शेवट वाचते का कोनी? येडी झाली का?"

"ते देवी नाही, लायब्ररीचं पुस्तक होय!"

"मंग पानी कोनं आनलं? तुह्या लायब्ररीनं?"

दहा महिने असेच गेले. चैत्रात आजीने ठरवलं की मी जीर्ण झाले, पुनवेला मला विहिरीत सोडायचं. "दुसरी आनून घे तुह्या लायब्ररीतूनच," ती म्हणाली. माझ्या आतल्या पानावर छापलेला यास्मीनचा पत्ता आचलच्या लक्षात होता; तिने त्याच दिवशी मोर्शीची एसटी पकडली.

पुनवेच्या सकाळी यास्मीन आली. मला पाहिलं आणि ओढणीच्या टोकाने शेंदूर पुसू लागली.

"ओ बाई, हात नोको लावू! कोनाची तू?"

"मुनव्वर मोटरवाल्याची. अन् हे मी लिवलं आजी. हे पाहा माहं नाव. तुमी याच्यावरच शेंदूर फासला."

"मुनव्वरची? आमची मोटर त्यानंच भरली होती." आजी जरा घुटमळली. "तू लिवलं? मंग तुह्याच पाया पडू दे, माय."

"पाया नका पडू!" यास्मीन कडाडली. "दहा महिन्यांत एक पान तरी उलटलं का कोनी?"

आजीने पदर सावरला. "मले कुठं वाचता येते, पोरी."

दहा महिने जिच्यावर दात खाल्ले, तिच्याबद्दल मला एवढंही ठाऊक नव्हतं. मग माझा राग वळला तो आचलकडे. बारावी शिकलेली पोर! रोज "मले वाचू दे" म्हणाली. "तुले वाचून दाखवते" असं एकदाही तिच्या तोंडून निघालं नाही.

आचललाही ते कळलं असावं. ती खाली मान घालून पायरीवर बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली.

पाण्याच्या गं पोटी, सात बहिणींचं घर,
कोणी लावलं कुलूप, आमच्या तहानेवर?

"पुन्ना वाच," आजी म्हणाली. त्या दिवशी मला कोणी विहिरीत सोडलं नाही. चार दुपारी वाचन चाललं. "तो कंपनीवाला मेला पानी काहून देत नाही?" म्हणून आजी मध्येच भांडायची. पाचव्या दुपारी यास्मीन पुन्हा आली, तेव्हा एकशे नव्वदावं पान संपत होतं. पुढची सारी पानं तेलाने एकजीव झालेली. यास्मीनने नखाने सोडवायला घेतली, तर तुकडे हाती आले. अक्षरं गेली होती.

"मंग? आली का ते धाकली परत?" आजीने तिचा हात घट्ट धरला.

यास्मीनने ते तोंडी सांगितलं. आजी रडली, आचलही रडली. माझा शेवट दुसऱ्याच्या तोंडून चालला होता आणि मी फक्त ऐकत होते.

मित्रांनो, मला नमस्कार नको, नवं कव्हर नको. तुमच्या घरात ज्याला अक्षर येत नाही, त्याच्याजवळ आज बसा आणि मोठ्याने वाचा. तेवढं केलं नाहीत, तर माझा राग तुमच्यावर आहे.