सोळा आकडे

"ती कात्री ठेव खाली," कामिनी म्हणाली. "कापडाची आहे. तिनं प्लॅस्टिक कापलं का धार जाते."

तिच्या धाकट्या भावाच्या, उन्मेषच्या, एका हातात तिची शिवणकामाची मोठी कात्री होती आणि दुसऱ्या हातात तिचं क्रेडिट कार्ड, तिच्याच टेबलाच्या खणातून न विचारता काढलेलं. रविवारची सकाळ होती. प्रताप नगरातल्या तिच्या भाड्याच्या घरात तर्री-पोह्यांचा वास भरला होता, आणि उन्मेषला घेऊन आलेल्या आईनं, म्हणजे शोभाताईंनी, मुहूर्त असा ठरवून आणला होता की जणू घरात वास्तुशांतच आहे. आज कार्ड कापायचं, बँकेत सांगून बंद करायचं, आणि मग पोहे खायचे.

"दुसरी कात्री दे मंग," उन्मेष म्हणाला.

"दुसरी कात्रीही नाही अन् कार्डही नाही. दोन्ही ठेव."

त्यानं आईकडे बघितलं. काही अडलं की आईकडे बघायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. आता तो एकतीस वर्षांचा होता, पण सवय तशीच होती.

या कार्डानं घराचं वाटोळं केलं, असं शोभाताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खरी गोष्ट अशी होती. चार वर्षांपूर्वी याच उन्मेषनं शहराजवळच्या वाडीत एका मित्राबरोबर ट्रकच्या टायरांचं दुकान काढलं. एका दुपारी कामिनी मशीनवर बसली होती, तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, एक ओटीपी आला असंन, सांग बरं पटकन." कार्डाचा नंबर त्याच्याकडे आधीपासून होता. कधीतरी मोबाईलच्या रिचार्जसाठी तिनंच दिला होता. तिनं पाय न थांबवता, ब्लाउजची बाही सरळ करत, सहा आकडे सांगून टाकले. ते एक लाख चाळीस हजार होते, हे तिला बिल आल्यावर कळलं.

दोन महिन्यांत वापस करतो म्हणाला. सात महिन्यांत दुकान बसलं, मित्र पळाला, आणि उन्मेषनं हात झटकले. कामिनीचे तीन हप्ते चुकले. बँकेनं कार्ड गोठवलं, तिचा सिबिल स्कोअर असा घसरला की साधं पिकोचं मशीन हप्त्यानं द्यायलाही दुकानदार तयार होईना. वसुलीवाला म्हणाला, अर्धे भरा, सेटल करून टाकू. कामिनीनं चौकशी केली, तर तो "सेटल"चा शिक्का नावावर पुढं कित्येक वर्षं राहतो असं कळलं. तिनं अर्धे भरले नाहीत, पूर्ण भरले. अडीच वर्षं लागली. तिच्या पाठीचं काय झालं ते तिच्या पाठीला ठाऊक.

आणि या अडीच वर्षांत घरच्यांनी काय केलं? कार्डाला शिव्या घातल्या. उन्मेषचं नाव कोणी तोंडातून काढलं नाही. कार्डाला तोंड नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

"वापरायचं नाही तर घरात ठेवायचं कशाले वं?" शोभाताई आता पोह्यांवर तर्री ओतता ओतता म्हणाल्या.

"तुझ्या कपाटात वीस वर्षांपासून पैठणी आहे आई. नेसत नाहीस. विकू का?"

"कुठची गोष्ट कुठं नेते ही पोरगी!"

"तिथंच नेऊन राहिली मी. ऐक एकदा नीट."

चौकातलं कोपऱ्यावरचं दुकान रिकामं होत होतं. मालक कामिनीला द्यायला तयार होता, पण डिपॉझिटसाठी त्यानं पंधराच दिवस दिले होते. तिनं कर्जाचा अर्ज टाकला होता, आणि बँक याच आठवड्यात तिचा सिबिलचा रिपोर्ट काढून बघणार होती. चौदा वर्षं लोकांच्या पोर्चमध्ये मशीन ठेवून शिवणाऱ्या बाईला स्वतःचं शटर मिळणार होतं, किंवा मिळणार नव्हतं.

कार्डाचं कसं करायचं ते तिनं मारोतरावांना विचारलं होतं. मारोतराव बँकेतून निवृत्त झालेले, बायकोचे ब्लाउज घ्यायला स्वतः यायचे आणि तासभर बसायचे. त्यांनी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला होता. तीन कार्डांपैकी दरवर्षी फी घेणारं एक होतं, ते बंद कर म्हणाले. तिनं ते दिवाळीतच बंद केलं. दुसरं एफडीवर घेतलेलं, वीस हजारांच्या मर्यादेचं, ज्यावर ती दर महिन्याला आठ-नऊ हजारांचं अस्तर आणि दोरा घेऊन वेळेत फेडत होती. तिसरं हे जुनं, अकरा वर्षांचं, बिनफीचं. पूर्ण पैसे भरल्यावर बँकेनं दीड लाखाच्या मर्यादेनं पुन्हा चालू केलेलं.

"हे बंद केलं का तुझी मर्यादा उरली वीस हजार," मारोतराव म्हणाले होते. "तेच नऊ हजार मंग निम्म्याजवळ दिसतात. बँकवाल्याले वाटते, ही बाई पुन्हा तंगीत आहे. आता दोन्ही मिळून पाच-सहा टक्केच दिसते. आभाळ नाही कोसळणार, पण कर्जाचा अर्ज टाकून ठेवल्यावर काहून हात लावते? सहा महिन्यातून एकदा शंभर-दोनशेचं काही घे अन् फेडून टाक. बस."

कामिनीनं हे सगळं आईला समजावून सांगितलं. शोभाताईंनी शांतपणे ऐकलं, आणि मग डोळ्याला पदर लावला.

"कामठीची सोयरीक येऊन राहिली उन्मेषची. कोणी त्या कर्जाचं विचारलं तर? ते बंद झालं का विषय संपला म्हणता येते. तुले भावाचं काहीच नाही का वं?"

असं होतं तर. कार्ड तिचं, अडीच वर्षं तिची, आणि ते बंद करायचं उन्मेषच्या लग्नासाठी. तिनं त्याच्या हातातून कार्ड घेतलं, कात्री घेतली, आणि पोहे तसेच ठेवून मशीनवर जाऊन बसली.

बुधवारी दुपारी ती बाही लावत होती, तेव्हा फोन वाजून गप्प झाला. मेसेज होता. तिनं बघितला नाही. अर्ध्या मिनिटात उन्मेषचा फोन आला.

"ताई, एक ओटीपी आला असंन, सांग बरं पटकन."

तेच शब्द, तीच घाई, अगदी तोच "बरं". या वेळी कामिनीचा पाय थांबला. तिनं मेसेज उघडून वाचला. तुमचं क्रेडिट कार्ड खातं कायमचं बंद करण्याची विनंती आली आहे, मंजुरीसाठी हा क्रमांक टाका, आणि तो कोणालाही सांगू नका.

"उन्मेष, कार्ड माझ्याजवळ आहे. नंबर कसा टाकला तू?"

"पाठ आहे," तो म्हणाला.

"सोळाही आकडे?"

"हो ना. सांग ना ताई, टाइम संपून राहिला त्याचा."

मागून शोभाताईंचा आवाज आला. "सांगून टाक वं कामिनी, मीच म्हटलं त्याले. तुझ्याच भल्यासाठी आहे."

कामिनीला राग आला, आणि रागाच्या खाली रडू आलं, आणि दोन्ही तिनं गिळलं नाही. ती तशीच मोठ्यांदा बोलली. "याले माझी जन्मतारीख विचार, चुकते. माझं कार्ड पाठ आहे! एक रुपया भरला नाही यानं, अन् नंबर चार वर्षांपासून तोंडावर ठेवून आहे. आई, तू कार्डाले साडेसाती म्हणते ना? साडेसाती तुझ्या बाजूला बसून आहे, स्पीकर लावून."

"ताई, असं नको बोलू..."

"बोलीन. अन् ओटीपी नाही सांगत. आजही नाही, पुढंही नाही."

तिनं फोन ठेवला. मशीनच्या उजेडात ते सहा आकडे थोडा वेळ बघत बसली आणि त्यांची वेळ संपू दिली. मग बँकेचा नंबर लावला आणि पलीकडच्या मुलीला सांगितलं की कार्डाचा नंबर दुसऱ्या माणसाला माहीत आहे. मुलगी म्हणाली, कार्ड बदलून देतो मॅडम, खातं तेच राहील, नंबर नवा येईल.

"खातं तेच? अकरा वर्षांचं?"

"हो मॅडम. फक्त नंबर बदलेल."

कर्ज शुक्रवारी मंजूर झालं. नवं कार्ड त्यानंतरच्या गुरुवारी आलं, आणि त्याच आठवड्यात डिपॉझिट मालकाच्या हातात गेलं. रविवारी कामिनी आईच्या घरी तर्री-पोह्यांना बसली. येताना आपल्या स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेऊन आली. जुनं कार्ड तिनं सगळ्यांसमोर कापलं, चार तुकडे केले, आणि उन्मेषच्या ताटाशेजारी मांडले.

शोभाताईंनी हात जोडले. "बरं झालं वं माय. संपला विषय."

"विषय नाही संपला. याले जे सोळा आकडे पाठ होते ते संपले. खातं चालू आहे, नंबर नवा आहे, अन् तो मलेच पाठ नाही अजून. कोपऱ्यावरचं दुकान त्याच खात्याच्या भरोशावर मिळालं. कामठीवाल्यांनी विचारलं तर हेच सांगायचं. मी सांगीन, तुम्ही नाही सांगितलं तर."

उन्मेष खाली मान घालून तुकड्यांकडे बघत होता. तसाच म्हणाला, "मले लाज वाटते ताई, ते कार्ड दिसलं का. म्हणून म्हणून राहिलो होतो बंद कर."

कामिनीनं पोह्यांवर लिंबू पिळलं.

"वाटू दे," ती म्हणाली. "लाज तुझी आहे, तू सांभाळ. अकरा वर्षं माझी आहेत."