दूध काळीचं

प्रयोगशाळेच्या उंदीरघरात राज्य मावशींचं. अठरा वर्षं पिंजरे धुणाऱ्या या बाईपुढे मोठमोठे डॉक्टरही चपला बदलूनच आत येत. नाहीतर चारचौघांत अब्रू निघे.

त्या सकाळी मात्र मावशी हातातलं फडकं विसरून उभ्या होत्या. समोर पिंजऱ्यात चार पांढरी पिल्लं खुशाल हुंदडत होती. विषाणू टोचून दहा दिवस झाले होते. काळ्या जातीचे उंदीर तो पचवत. पांढरे आठवड्यात माना टाकत. रक्तातलाच फरक, पिढीजात.

"मावशी, यांच्या रक्तात काहीतरी नवीन आलंय!" डॉक्टरबाई हरखली होती. "अकराला सर येतायत. तीन वर्षं घासतेय मी!"

पांढरी आई मेली, तेव्हा या चौघांना एका काळ्या उंदरिणीच्या घरट्यातला भुसा चोळून, तिचा वास लावून, मावशींनीच तिच्या कुशीत सरकवलं होतं. ती काळी हाच आजार काढून उठलेली. पिंजऱ्याचं कार्ड एरवी डॉक्टर लोक लिहीत. त्या दिवशी कुणी नव्हतं, आणि आपल्याला लिहिता येत नाही हे सांगायला मावशींची मान वाकली नव्हती.

बोलावं तर नोकरी जाणार. गप्प बसावं तर पोर तोंडघशी पडणार.

"पोरी, ही दूध काळीचं प्यायलीत. मीच लावली तिला."

डॉक्टरबाई पांढरीफटक पडली. "म्हणजे तिची ताकद दुधातून... कार्डावर का नाही लिहिलंत?"

"लिहिता आलं असतं तर तुझ्या खुर्चीत नसते का बसले?"

दार उघडलं. "काय, सापडलं का नवीन काही?" सरांनी विचारलं.

मावशी पुढे झाल्या. "नवीन काही नाही साहेब, दूध आहे. चूक माझी."

सगळं ऐकून सर कोरं कार्ड बघत राहिले. "याला काय शिक्षा असते, ठाऊक आहे?"

"इथल्या प्रत्येकाला मीच सांगते."

"सर," डॉक्टरबाई घाईने म्हणाली, "आता मुद्दाम करून बघू. पांढरी पिल्लं काळीला, काळी पांढरीला. रक्त किती, दूध किती, कळेल. पण मी ठेवलेली पिल्लं आया खाऊन टाकतात. यांनी ठेवलेली जगतात."

सरांनी ते कोरं कार्ड मावशींपुढे धरलं.

"कार्ड यांनीच लिहायचं. लिहिता येईपर्यंत पिंजऱ्याला हात नाही."

मावशींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांनी ताठ मानेनेच हात पुढे केला.

"पेन दे गं," त्या म्हणाल्या. "आणि हसलीस तर बघ."