जनसख्याचा कान

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, पायऱ्या भरल्या होत्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर तरुण पोरं चढून बसली होती. ज्यांना तिथेही जागा मिळाली नाही ते दारातून टाचा उंचावून आत बघत होते. रविवारची सकाळ होती आणि जनसखा येणार होता.

शहरातल्या पुरोगामी पक्षाच्या या पुढाऱ्याला आता खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. ‘जनसखा’ हे बिरुद त्याच्याच प्रचारवाल्यांनी शोधून काढलं होतं, पण लोकांच्या तोंडी ते असं बसलं की विरोधकसुद्धा शिवी देताना तेच वापरू लागले. तो आला तो साध्या सदऱ्यात, बाह्या दुमडून. हातात कागद नाही, गळ्यात माळ नाही. मधोमध उभं राहून त्याने पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

“मी पुढारी नाही,” तो म्हणाला. “मी नुसता कान आहे. तुमचा कान. आमच्याकडे बुवा नाही, बाबा नाही, चमत्कार नाही. माणूस माणसाचं ऐकतो, एवढंच आमचं शास्त्र.”

टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि लगेच तो चमत्कार करायला निघाला.

मंचावरून उतरून तो खुर्च्यांमधून चालू लागला. हिरवा स्वेटर घातलेल्या एका बाईसमोर थबकला. मान किंचित तिरकी केली, डोळे मिटले.

“ताई, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात ना? सगळं तुम्हीच करता. आणि एकदा तुमच्या मनात आलं, की आता सुटका होऊ दे त्यांची. मग स्वतःचीच लाज वाटली. वाटू देऊ नका, ताई.”

बाई तोंडात पदराचं टोक कोंबावं तशी स्वेटरची बाही कोंबून रडायला लागली. तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सभागृहाच्या अंगावर काटा आला.

शेवटच्या रांगेत कानाच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. त्यांच्या अंगावर काटा नव्हता, कपाळावर आठी होती. त्या आल्या होत्या सासऱ्यांच्या सोबतीला, आणि सासरे, म्हणजे आप्पा, आले होते लढायला. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक, रोज पहाटे प्रार्थनेला जाणारे, आणि शहरातल्या जुन्या धर्मादाय दवाखान्याचे विश्वस्त. तो दवाखाना पाडून त्या जागेवर झगझगीत ‘जनकेंद्र’ उभारायचं जनसख्याने जाहीर केलं होतं. बांधकाम कोण करणार, तर जनसख्याचा मेहुणा. हे विचारलं की उत्तर तयार असे: “धर्मादाय म्हणजे भीक. आम्हाला भीक नको, हक्क हवा.” ऐकायला गोड होतं. पण सकाळी दवाखान्यात फुकट तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना ठाऊक होतं, की बाकावर बसलेल्या माणसाला कान दुखत असताना भीक की हक्क याने फरक पडत नाही, फक्त दवाखाना असावा लागतो.

आणि घरातच फितुरी होती. आप्पांची लेक, डॉक्टरबाईंची नणंद, चाळिशी ओलांडली तरी घरात ‘बेबी’च. ती पक्षाची खंदी कार्यकर्ती होती. निळी फीत दंडाला बांधून ती मंचाजवळ ध्वनिक्षेपक सांभाळत उभी होती. जनसखा परत फिरता फिरता तिच्यापाशी थांबला.

“आमची ही ताई,” तो हळुवार म्हणाला. “सगळ्यांसाठी धावते. पण माळ्यावर एक पाळणा आहे. कधी हललाच नाही. दुसऱ्या कोणाला द्यायचा धीरही होत नाही. खरं ना, ताई?”

बेबीला रडू कोसळलं. लोक उभे राहिले. डॉक्टरबाईंना कळेना हे काय चाललंय. पाळणा ठेवलाय हे त्यांनाही माहीत नव्हतं.

“पुढच्या रविवारी,” जनसखा निघताना म्हणाला, “हात वर करून ठरवू. जुनाट भिंती हव्यात, की ऐकणारं जनकेंद्र.”

दुपारी जेवणाच्या टेबलावर बेबीचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा उजळला होता.

“वहिनी, तू काहीही म्हण. त्यांना माणूस आरपार दिसतो.”

“तू कोणाशी बोलली होतीस का पाळण्याबद्दल?”

“फक्त ऐकण्याच्या खोलीत. मावशींशी.” सभागृहाच्या बोळात पक्षाने अशा खोल्या उघडल्या होत्या. आत बसलेल्या प्रेमळ बायकांना लोक मनातलं सांगत, आणि इथलं भिंतीबाहेर जाणार नाही, असा त्या शब्द देत. “पण मावशींनी शब्द दिलाय. त्या बोलणं शक्यच नाही.”

आप्पा इतका वेळ घास चिवडत होते. आता ते खालच्या आवाजात म्हणाले, “मला आज आवाज ऐकू आले.”

डॉक्टरबाईंनी चमचा खाली ठेवला.

“ऐकायचं यंत्र बिघडलं असेल म्हणून मी कानामागचं बटण दाबत होतो. मग सभागृहातला गोंगाट एकदम बंद झाला. एक बाईच बोलत होती, अगदी माझ्या डोक्यात. ‘डावीकडे, हिरवा स्वेटर. सासू आजारी.’ असं काहीतरी. मला वाटलं, म्हातारचळ लागला.”

“आप्पा, वय झालं आता,” बेबी म्हणाली. “रोज पहाटे देवाशी बोलता, आता तो उलट बोलायला लागला.”

डॉक्टरबाईंना हसू आलं नाही. त्यांना आधी भीतीच वाटली. म्हातारपणी माणसाला आवाज ऐकू येऊ लागले की पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, ते त्यांनी पाहिलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं. मग सवयीने त्यांनी आप्पांच्या कानामागचं यंत्र काढून हातात घेतलं आणि त्या खुर्चीत ताठ झाल्या.

बटण नेहमीच्या जागेवरून ‘तार’ या खुणेवर सरकलं होतं.

“आप्पा,” बटण परत फिरवून यंत्र त्यांच्या कानामागे बसवत त्यांनी विचारलं, “जनसख्याचं बोलणं ऐकू येत होतं का?”

“छे. त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते.”

“या यंत्राला दोन कान आहेत म्हणा. एक नेहमीचा, आवाज ऐकणारा. बटण फिरवलं की तो बंद होतो आणि दुसरा सुरू होतो. तो फक्त तारेतून सोडलेलं बोलणं पकडतो. नाटकगृहात बहिऱ्या माणसांसाठी भोवती तार टाकतात, तशी. तुम्हाला भास नाही झाला. त्या सभागृहात तार टाकलेली आहे, आणि तीत कोणीतरी बाई बोलत होती.”

“बहिऱ्यांसाठी टाकली असेल,” बेबी पटकन म्हणाली.

“मग बहिऱ्यांना सांगितलं असतं. मी इथली कानाची डॉक्टर, मला पत्ता नाही. तार कोणासाठी आहे, बेबी?”

बेबी भांडी उचलायला लागली. तेव्हा आप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्याबद्दलही बोलली ती. मला सांगावंसं वाटत नव्हतं. ‘आपलीच मुलगी आहे. माळ्यावरचा पाळणा काढ. हळू घे, ती हमखास रडते. रडली की फोटोवाल्याला खूण कर.’”

हातातलं ताट बेबीने अगदी हलक्या हाताने खाली ठेवलं. “हमखास,” ती एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात घरात खलबतं झाली. डॉक्टरबाईंचं म्हणणं, ऐकण्याच्या खोलीत जाऊन आप्पांनी एखादं बनावट दुःख सांगावं. तेच जनसख्याच्या तोंडून आलं की झालं काम. आप्पांनी साफ नकार दिला.

“मी जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून मारलंय. आता खोटं पकडायला खोटं बोलू? खरं काय आहे ते सगळ्यांना ऐकवता येत नाही का?”

येत होतं. बहिऱ्यांच्या तारा नीट चालतात का, हे तपासायचं एक खिशात मावणारं यंत्र डॉक्टरबाईंच्या स्वतःच्या दवाखान्यात पडून होतं. तारेतलं बोलणं ते स्वतःच्या छोट्या कर्ण्यातून ऐकवतं. ध्वनिक्षेपकासमोर धरलं की सगळं सभागृह ऐकू शकेल. प्रश्न एवढाच होता, की ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचायचं कसं.

“तिथे मीच असते,” बेबी म्हणाली.

रविवारी गर्दी दुप्पट होती. पक्षाने रस्त्यावरही पडदा लावला होता. पुन्हा खिसे उलटे झाले, पुन्हा ‘मी नुसता कान आहे’ झालं. आज जनसखा विशेष रंगात होता.

“हे धर्मादायवाले तुम्हाला काय सांगतात? हात जोडा, मान खाली घाला. त्यांना अंधार लागतो. आम्ही विज्ञानवाले. आमचं सगळं उजेडात.”

मग तो चालू लागला आणि पाचव्या रांगेतल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यासमोर थांबला. डोळे मिटले. मान तिरकी झाली.

बेबीने ओढणीखालून यंत्र काढलं आणि ध्वनिक्षेपकासमोर धरलं.

“...टोपीवाला म्हातारा,” सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून एका बाईचा रोजच्या कामाचा, थोडा कंटाळलेला आवाज घुमला. “मुलगा परदेशात. फोन करत नाही. खांद्यावर हात ठेव. तोंड जरा फोटोवाल्याकडे.”

जनसख्याचा हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर पोहोचला होता, तो तिथेच राहिला.

“थांबलास का?” आवाज म्हणाला. “मुलगा परदेशात, ऐकू येतंय ना? याचं आटप आणि मग दवाखान्याचं घे. हात वर करायला आपली माणसं पुढे बसवलीत. मेहुण्याचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन आलाय. ...अरे, हे बाहेर कसं ऐकू येतंय?”

खट्ट आवाज झाला. टोपीवाल्या म्हाताऱ्याने खांद्यावरचा हात, माशी उडवावी तसा, झटकला.

जनसखा मात्र कसलेला गडी होता. क्षणभरात त्याचं हसू जागेवर आलं.

“मित्रांनो, यात लपवण्यासारखं काय आहे? आम्ही आधुनिक माणसं. डॉक्टर यंत्र वापरतात, वैमानिक वापरतात, मी वापरलं तर पाप? तुमचं दुःख लक्षात राहावं म्हणून एक साधी सोय. ज्यांची दुकानं देवाच्या नावावर चालतात, त्यांना पोटशूळ उठणारच.”

पुढच्या रांगांतून टाळ्या आल्या. मागे कुजबुज वाढली. डॉक्टरबाई उठून मधल्या वाटेवर आल्या. त्यांना भाषणं जमत नसत. रुग्णाला समजावतात तसंच त्या बोलल्या.

“यांच्या उजव्या कानात वाटाण्याएवढं यंत्र आहे. या सतरंजीच्या कडेने तार फिरवलीय. मागच्या खोलीत एक बाई बसते. बोळातल्या खोल्यांत तुम्ही जे विश्वासाने सांगता, रांगेत ज्यांच्याशी सहज बोलता, ते तिच्यापर्यंत जातं. कोण कुठे बसलंय ते बघून ती यांना सांगते. मान तिरकी करतात ती ध्यानासाठी नाही. नीट ऐकू यावं म्हणून. सतरंजी उचलून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.”

कोणीतरी सतरंजी उचलली. काळी तार भिंतीच्या कडेने सरपटत मंचामागे गेली होती.

“सोय होती तर खिसे कशाला उलटे केलेत?” आप्पा जागेवरूनच म्हणाले. त्यांचा आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत असे. “मी जुनाट माणूस आहे. देवापुढे मान झुकवतो, ते कबूल करून झुकवतो. तुम्ही लोकांना सांगितलं की कोणापुढे झुकू नका, आणि मग त्यांची मान अलगद स्वतःपुढे वाकवलीत. बुवा निदान भगवे कपडे घालून येतो, दुरून ओळखू येतो. तुम्ही विज्ञानाचा सदरा घालून आलात. आणि हे सगळं कशासाठी, तर मेहुण्याला जागा मिळावी म्हणून.”

“बाई, तुम्ही तरी सांगा यांना,” जनसखा बेबीकडे वळला. “तुमचं दुःख मी मनापासून...”

“माझं नाव सांगा,” बेबी म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. नकळत त्याची मान तिरकी झाली. कानात आता कोणी बोलत नव्हतं. इतकी वर्षं तिने त्याच्या सभांच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

त्या दिवशी दवाखाना पाडायला हात वर करा असं म्हणायला मंचावर कोणी उरलं नाही. पुढे चौकशी लागली. पक्षाने ‘तांत्रिक गैरसमज’ असं पत्रक काढलं, मेहुण्याने हात झटकले, आणि पुढच्या रांगेतले काही लोक आजही म्हणतात की हा प्रतिगाम्यांचा कट होता. दवाखाना उभा आहे.

बेबीने फीत परत केली आणि ज्यांची गुपितं फोडली गेली होती त्यांच्या घरी जायला लागली. सगळ्यात आधी हिरव्या स्वेटरवाल्या बाईकडे. आतल्या खोलीत सासूबाई कण्हत होत्या. बाईने दार अर्धंच उघडलं.

“मला काही ऐकायचं नाही,” ती म्हणाली. “यंत्र असो नसो. इतक्या वर्षांत कोणाला तरी माझं कळलं.”

“त्यांना कळलं नाही. त्यांना सांगितलं गेलं,” बेबी म्हणाली. “मलाही असंच वाटलं होतं. मी तर त्यांच्यासाठी भांडले घरच्यांशी. आता मी एवढंच शिकलेय, की कोणी मनातलं ओळखलं की आधी विचारायचं, तुम्हाला हे कुठून कळलं? आणि यात तुमचा काय फायदा? बुवाला विचारायचं, पुढाऱ्याला विचारायचं, आपल्या आवडत्या पुढाऱ्याला तर जास्तच विचारायचं. जो चिडला, तो उघडा पडला.”

आतून सासूबाईंनी पाणी मागितलं.

“तुम्ही थोडा वेळ पडा,” बेबी चपला काढत म्हणाली. “पाणी मी देते त्यांना.”