सेडवर लावलेली पैज

धाकटीने एन्टर दाबलं आणि लॅपटॉप मांडीवरून उचलून बाबांच्या पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला. ऑफिसच्या एका अगडबंब फाइलच्या मधल्याच काही ओळी तिला हव्या होत्या. सेड नावाची कमांड त्या काढून देत होती. ओळी केव्हाच स्क्रीनवर आल्या, तरी कमांड काही संपेना.

"थांबव," बाबा म्हणाले.

आजारपणापासून त्यांचे शब्द असे सुटे सुटे येत. उजवा हात तर अजून उशीवर पडूनच असे. लॅपटॉपच्या घरघरीचा त्रास होतोय असं वाटून ती तो मिटायला गेली, तसं त्यांनी तिला डाव्या हाताने अडवलं.

"क्यू. शेवटी... क्यू लाव."

तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ओळी मिळाल्या की थांब, हे सेडला सांगायचंच राहिलं होतं. ती बापडी फाइल संपेपर्यंत वाचत सुटली होती. धाकटीने क्यू लावला. कमांड झटक्यात संपली. सगळी नोकरी असल्याच कामात काढलेल्या बाबांच्या ओठांची एक कड वर गेली.

"पण हेड आणि टेल या दोन कमांड जोडून केलं तर याहून लवकर होईल," ती सहज बोलून गेली.

"हॅट!"

"लावता पैज?"

बाबांनी टेबल स्वतःकडे ओढलं. एका बोटाने सेडची ओळ लिहिली, चुकले, खोडली, पुन्हा लिहिली. मदतीला पुढे झालेला तिचा हात त्यांनी नजरेनेच मागे धाडला. मग तिने आपली ओळ लिहिली. हेड-टेलला निम्माच वेळ लागला.

"माझी आधी चालली," बाबा कुरकुरले. "तुला फाइल... मेमरीत आयती मिळाली."

"मघाशी माझ्या पहिल्या कमांडने सगळी वाचली होती की! दोघांनाही आयतीच."

"मग परत लाव."

आपली पाळी आल्यावर तिने स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत एखादं जड काम सुरू केलं असतं, तर तिची कमांड रेंगाळली असती. बाबांना पत्ताही लागला नसता. तिचं बोट त्या खिडकीपर्यंत गेलं, क्षणभर थांबलं आणि परत आलं.

बाबा पुन्हा हरले.

"हरलो?"

"हरलात," ती हळूच म्हणाली.

ते आकड्यांकडे बघत राहिले आणि एकदम हसायलाच लागले. तोंड वाकडं होत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली.

"काय झालं गं?"

"हिने मला हरवलं," बाबा म्हणाले. वाक्य कुठेही अडखळलं नाही. "पत्त्यांत रोज मुद्दाम हरते."

धाकटीने मान खाली घातली. आई हात पुसायला लागली.

"तूसुद्धा," बाबा आईला म्हणाले.