बिनफवारणीचा वाफा

रंगनाथ शेवाळे मक्याच्या वाफ्यात उगवले, त्या दिवशी मका संशोधन केंद्रावर कुणी काम थांबवलं नाही. खुरपणीचा दिवस होता, आणि खुरपणी कुणाच्या नवऱ्यासाठी खोळंबत नाही.

सकाळी ते किटली घेऊन दूध आणायला निघाले होते. दुपारी हौसाबाईनं तण काढता काढता त्यांना ओळखलं. मक्याचं रोप होऊन चार पानांवर आले होते. बोलण्याआधी घसा खाकरायची सवय तेवढी गेली नव्हती.

"मॅडम," तिनं बांधाकडे हाक दिली, "तुमचं मालक हितं उगवल्यात. खुरपू का ठेवू?"

"ठेवा," डॉ. इंदुमती शेवाळे म्हणाल्या. त्या केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञ. रोपापाशी वाकायची सवय होतीच. वाकून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "किटली कुठाय?"

रंगनाथराव खाकरले. "डेअरीवर राहिली वाटतं."

अडचण उगवण्याची नव्हती, जागेची होती. प्रयोग लष्करी अळीचा होता. काही वाफ्यांवर वेगवेगळी औषधं फवारायची आणि एक वाफा तसाच उघडा अळीच्या तोंडी द्यायचा. नाहीतर अळी औषधानं मेली की आपल्या मरणानं, हे कळणार कसं? कुठला वाफा उघडा राहणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. चिठ्ठी इंदुमतीबाईंनीच उचलली होती. रंगनाथराव नेमके त्या वाफ्यात उगवले.

केंद्रप्रमुख नाडगौडा कनवाळू माणूस होता. म्हणजे नियम मोडायचा तर तो दुसऱ्यानं मोडावा, अशा मताचा. "अळ्या अजून सोडलेल्या नाहीत," ते म्हणाले. "चिठ्ठ्या पुन्हा टाका की. मी तोवर चहा घेऊन येतो."

बाईंनी नकार दिला. उचललेली चिठ्ठी परत डब्यात गेली की ती चिठ्ठी राहत नाही, मर्जी होते, असं त्या विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आल्या होत्या. विद्यार्थी पाठीमागे त्यांची नक्कल करत आणि समोर चळाचळा कापत. त्या कापण्याची बाईंना गोडी होती. रोप उपटून शेजारी लावावं, तर उपटलेला मका धड जगत नाही, हेही त्यांनाच सगळ्यांत जास्त ठाऊक.

प्रयोगशाळेत अळ्या एकेका वाटीत वाढवल्या होत्या; एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींना खातात. त्या बारीक कुंचल्यानं रोपाच्या मधल्या पोंग्यात, कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, सोडायच्या. नवऱ्यापाशी आल्यावर बाईंचा कुंचला अडखळला.

"दोन," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना दोनच आहेत."

"मी कुठं जास्त मागितल्यात?" रंगनाथराव म्हणाले. "उभ्या संसारात एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतंस. बघून घे."

अळी लहान असताना पान फाडत नाही; हिरवा भाग खरवडून खाते आणि पातळ पारदर्शक खिडक्या पाडते. रंगनाथरावांच्या पानावर पहिली खिडकी पडली, तेव्हा ते डेअरीचा रस्ता विसरले. बाई संध्याकाळी घरी निघाल्या, तर डेअरीच्या रस्त्यावर आडवी भिंत होती. त्या वळसा घालून गेल्या.

पुढच्या खिडक्यांबरोबर त्यांच्या आठवणीतून धाकटा भाऊ गेला, मग स्वयंपाकघर. बाईंनी घराचं दार उघडलं, तर बैठकीची खोली संपली तिथंच घर संपत होतं. त्यांनी स्टोव्ह टीपॉयवर ठेवून चहा केला आणि सवयीनं दोन कपांत ओतला. मग झोपायची खोली गेली. त्या आरामखुर्चीत झोपू लागल्या. खुर्ची रंगनाथरावांच्या आवडीची होती. ती टिकेल असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला.

रोज त्या वाफ्यात येत, पानं बोटांत धरून पाहत आणि नुकसानीचा आकडा मोठ्यानं सांगत. नाडगौडा बांधावरून म्हणत, "छान, प्रादुर्भाव उत्तम आहे," आणि मग जीभ चावत.

"मॅडम," हौसाबाई एकदा हळूच म्हणाली, "पोंग्यात चिमूटभर वाळू टाका. आमी घरच्या मक्याला तेच करतो. अळी घुसमटून मरती. कोण बगतंय हितं?"

"मी बघतेय."

"मग डोळं मिटा वाईच. लग्नात मिटलंसा की."

बाई हसल्या. हसताना त्यांच्या लक्षात आलं, की लग्न कुठं झालं ते आपल्यालाही आता आठवत नाही.

त्या दिवशी पोंग्याभोवती भुशासारखी विष्ठा साचली होती. रंगनाथराव खाकरले नाहीत. बाईंनी पान धरलं, तसं ते अदबीनं म्हणाले, "ताई, आपण कोण? कुणाला शोधताय?"

बाई तडक रस्त्याच्या कामाच्या ढिगापाशी गेल्या आणि मूठभर वाळू घेऊन आल्या. नाडगौडांच्या देखत आल्या. नाडगौडांनी पाठ फिरवली आणि आकाशाकडे पाहत राहिले. बाईंनी डाव्या हातानं पोंगा उकलला. आत एकच अळी उरली होती. दुसरीला तिनं खाल्लं असणार. करंगळीएवढी जाड झाली होती. तिनं डोकं वर केलं आणि घसा खाकरला.

"इंदू," अळी म्हणाली, "तू जेवलीस का?"

रोप गप्प होतं. सगळा माणूस आता आत गेला होता.

"नाही," बाई म्हणाल्या.

"जेवून घे. आपलं लग्न कऱ्हाडला झालं. मांडव तुझ्या मामांनी घातला होता." अळी थोडं थांबली. "डेअरीच्या पलीकडच्या टपरीवर किटली ठेवलीय. सगळं आहे माझ्यापाशी. पण मला आता खाली जायला हवं."

बाईंच्या मुठीतली वाळू पायावर सांडली. पूर्ण वाढलेली अळी खाली उतरते, मातीत शिरते, तिथं कोष करते. त्यांनी तिला अडवलं नाही. अळी देठावरून सावकाश उतरली. मातीत शिरताना ती एकदा थबकली, जिना उतरताना रंगनाथराव थबकत तशी. मग माती वरून सारखी झाली.

निकाल चांगला लागला. औषधं लागू पडत होती. उघड्या वाफ्यामुळे ते स्वच्छ दिसलं. नाडगौडांनी बाईंचं अभिनंदन केलं आणि रान मोकळं करायला ट्रॅक्टर बोलावला. पीक निघालं की खोल नांगरट करावी, म्हणजे मातीतले कोष उघडे पडून पाखरं वेचून खातात. ही शिफारस बाईंचीच, तालुकाभर भिंतींवर लावलेली.

ट्रॅक्टर कडेच्या वाफ्यातून आत येऊ लागला. अळी जिथं मातीत शिरली होती, त्या जागेवर बाई जाऊन मांडी घालून बसल्या.

"मॅडम, सरका," चालक सर्जेराव म्हणाला. "साहेबांनी सगळं नांगरायला सांगितलंय."

"नांगर की. मी कुठं नको म्हणतेय?"

सर्जेरावनं नाडगौडांकडे पाहिलं. नाडगौडा चहा आणायला गेले होते. त्यानं चाक वळवलं आणि बाईंच्या भोवतीनं नांगरायला घेतलं. प्रत्येक फेरीत बसायची जागा थोडी कमी होत होती. उलथलेल्या काळ्या मातीवर बगळे उतरले होते. ते चालत चालत जवळ आले. त्यातला एक बाईंच्या गुडघ्यापाशी येऊन उभा राहिला आणि मान तिरकी करून, त्यांनी पदराखाली झाकलेल्या मातीकडे पाहू लागला.